पिल्लाचे पोट आणि घरातील धांदल



अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, संध्याकाळी आपल्या इमारतींच्या आवारात एक फेरी मारली तर गेल्या काही वर्षांतील बदल सहज डोळ्यांत भरतो. ज्या घरांत पूर्वी कुत्र्याला उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता, त्याच घरांतील नातवंडे आता गळ्यात पट्टा बांधलेले पिल्लू घेऊन लिफ्टमधून उतरताना दिसतात. आजी-आजोबांचा विरोध पहिल्या महिन्यात असतो; दुसऱ्या महिन्यात तेच पिल्लू आजोबांच्या पायाशी झोपलेले आढळते. मात्र हा दुसरा महिना उगवण्यापूर्वी बहुतेक घरांत एक कसोटीचा प्रसंग येतो, आणि तो असतो पिल्लाच्या पोटाचा.

या सदरात आपण एरवी नामनिर्देशन, विमा, ज्येष्ठांची पथ्ये अशा घरगुती विषयांवर बोलतो. या वेळचा विषय वाचकांच्याच चौकशीतून आला आहे. पिल्लू घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत त्याला जुलाब होतात. कोणी म्हणते दूध बाधले, कोणी म्हणते नजर लागली, तर कोणी शिकलेला नातेवाईक सांगतो की जागा बदलल्याचा हा ताण आहे, आपोआप जाईल. मी पशुवैद्य नाही. पण पशुवैद्यांशी झालेल्या बोलण्यातून आणि थोड्या वाचनातून जे समजले ते असे, की हा शिकलेला नातेवाईक पुष्कळदा बरोबर असतो. आणि जेव्हा तो चुकीचा ठरतो, तेव्हा पिल्लाच्या जिवावर बेतते.

प्रथम ताणाविषयी. ‘कुत्र्याला कसला आला आहे ताण?’ असे म्हणून आपल्याकडे हसणारे बरेच आहेत. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच अमेरिकेतील हार्वर्ड येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी मांजरांच्या अन्नात बिस्मथ मिसळून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिली. प्रयोगाची ती रीत आपल्या मनाला रुचो न रुचो, त्यांना जे दिसले ते महत्त्वाचे होते. मांजर बिथरले की जठराच्या लाटा थांबत आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. मनाची अवस्था आणि पोटाचे काम यांचा संबंध तेव्हापासून डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट ठरला.

कुत्र्यातही हेच घडते. भीती किंवा अतिउत्साह यांनी शरीरात जी रसायने स्रवतात, त्यांच्यामुळे जठर मंदावते आणि मोठे आतडे मात्र घाईने चालू लागते. मोठ्या आतड्याचे मुख्य काम अन्नातील उरलेले पाणी शोषून घेण्याचे. त्याला तेवढी सवड मिळत नाही, म्हणून शी पातळ होते. आतड्याचे अस्तर चिडून चिकट आव सोडते. अशा वेळी पिल्लू वारंवार बसते, कुंथते, थोडी थोडी शी करते, शेवटी आव दिसते आणि कधी लाल रक्ताचा एखादा थेंबही दिसतो. तो थेंब पाहून घरातील माणसे घाबरतात. पण पिल्लू इकडे शेपूट हलवत चेंडूमागे धावत असते, वाडगे चाटूनपुसून रिकामे करते, अंगात ताप नसतो. हे चित्र ताणाच्या जुलाबाचे आहे. याउलट लहान आतडे बिघडले तर शी कमी वेळा पण पुष्कळ होते, बरोबर उलट्या होतात आणि वजन घटते. पशुवैद्य पहिला प्रश्न विचारतात तो याच भेदासाठी: ‘किती वेळा, आणि प्रत्येक वेळी किती?’

आता पिल्लावर हा ताण कशाकशाचा पडतो, ते त्याच्या बाजूने पाहावे. सात-आठ आठवडे ते आई आणि भावंडे यांच्या उबेत झोपलेले असते. एके दिवशी एका खोक्यात बसून ते टॅक्सीने किंवा गाडीने घोडबंदर रस्त्यावरून नाहीतर द्रुतगती महामार्गावरून तास-दीड तास प्रवास करते. वाटेत एक-दोनदा ओकते. मग गुळगुळीत लादीच्या घरात येते, जिथे पाय ठरत नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, दाराची घंटा, वरच्या मजल्यावर चाललेले लादी कापण्याचे यंत्र आणि समोरच्या पुनर्विकासाच्या जागेवरचा खोदकामाचा आवाज, हे सारे त्याने पूर्वी ऐकलेले नसते. त्यात आपल्या घरांची रीत अशी की नवे काही आले की नातलग पाहायला येतात. दिवसाचे अठरा तास झोपेची गरज असलेला तो जीव या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहतो. रात्री मात्र त्याला गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात एकटे ठेवून दार लावले जाते. आयुष्यात प्रथमच ते एकटे झोपत असते.

आठ ते दहा आठवडे हे वय भीती मनात पक्की बसण्याचेही असते. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांत आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. ‘चाळीस दिवसांचे आहे, लगेच लळा लागेल’ असे विक्रेता सांगू लागला तर तो नियमबाह्य व्यवहार आहे, हे व्यापारी वाचकांना तरी वेगळे सांगायला नको. लवकर तोडलेल्या पिल्लाचे पोट आणि स्वभाव दोन्ही कच्चे राहतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न मिटला, ताणच आहे, दोन दिवस थांबू. नेमके इथेच थांबायचे नाही.

बँकेत आम्ही एक सस्पेन्स खाते ठेवत असू. ज्या रकमेचे खरे खाते सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. नव्या कारकुनाला हे खाते फार आवडते, कारण न जुळणारी प्रत्येक नोंद तिथे टाकली की दिवसाचा हिशेब मिटतो. पुढे लेखापरीक्षक येतो आणि मग सारे बाहेर पडते. पिल्लाच्या बाबतीत ‘ताण’ हा शब्द असाच वापरला जातो. खरे कारण शोधण्याचा कंटाळा आला की ताणाच्या नावे टाकायचे. पशुवैद्य उलट रीतीने जातात. संसर्ग नाही, जंत नाहीत, खाण्यात काही गेलेले नाही, हे पाहिल्यावर मग शेवटी ते ताण म्हणतात.

यांतील पहिले कारण सर्वांत भयंकर आहे. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभरच्या कुत्र्यांत पसरला. त्यापूर्वी तो ठाऊक नव्हता, म्हणून जुन्या पिढीतील कुत्रे पाळणाऱ्यांच्या आठवणींत त्याचे नाव आढळत नाही. तो पिल्लांच्या आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटवतो. सहा आठवडे ते सहा महिने हे वय त्याच्या तावडीचे. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. आता हिशेब करून पाहा. पिल्लू जिथून आणले तिथेच त्याला लागण झालेली असेल, तर ती आपल्या घरी पहिल्याच आठवड्यात प्रकट होणार, आणि जागा बदलल्याचा ताणही याच आठवड्यात दिसणार. दोघांची तारीख एकच. म्हणून पहिल्या आठवड्यातील जुलाबाला ‘ताण आहे’ म्हणून घरी बसणे हा जुगार ठरतो.

पार्व्होचे पिल्लू मलूल होते, खाणे सोडते, उलट्या करते. पुढे शी रक्तमिश्रित आणि विलक्षण दुर्गंधीची होते. पण ही सारी लक्षणे पहिल्या दिवशी असतीलच असे नाही. शीच्या नमुन्यावरून दवाखान्यातच दहा-पंधरा मिनिटांत होणारी चाचणी आता उपलब्ध आहे. वेळेवर दाखल करून सलाईन व इतर उपचार मिळाले तर बहुसंख्य पिल्ले वाचतात. उपचाराविना बहुसंख्य दगावतात, तीही दोन-तीन दिवसांत. ‘सोमवारी दाखवू’ या शब्दांची किंमत इतकी मोठी असू शकते.

लसीविषयीही एक गैरसमज आहे. ‘एक इंजेक्शन झाले आहे’ म्हणजे पिल्लू सुरक्षित झाले असे नव्हे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तोवर ती लसीलाही पूर्ण काम करू देत नाही. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लस देतात. शेवटची मात्रा होईपर्यंत इतर कुत्र्यांची ये-जा असलेल्या जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नये. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि आपण करोनाकाळापासून हाताला लावतो त्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. लादीसाठी पाण्यात मिसळलेले ब्लीच वापरावे लागते.

दुसरे कारण जंत. ‘आमचे घर इतके स्वच्छ, जंत कुठून येणार?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. उत्तर असे की गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून येऊ शकतात. आपल्या लादीचा त्यात काही दोष नाही. जंताचे औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचे असते, आणि विक्रेत्याने ते दिले की नाही हे कागदावर पाहावे, तोंडी आश्वासनावर नव्हे. जिआर्डिया व कॉक्सिडिया हे सूक्ष्म जीव मात्र जंताच्या नेहमीच्या गोळीने जात नाहीत. ते एरवी गप्प असतात आणि पिल्लावर ताण आला की डोके वर काढतात. म्हणजे ताण खरा आणि संसर्गही खरा, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. शीची तपासणी करून घेतल्याशिवाय हे कळत नाही. यांतील काही जंत माणसालाही होतात. लहान मुलांनी पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

तिसरे कारण आहार, आणि इथे आपल्या घरांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपला स्वयंपाक कांदा-लसणाविना होतो. कुत्र्याच्या दृष्टीने ही अनपेक्षित सोय आहे, कारण कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. द्राक्षे आणि मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि आपल्या डब्यांत सुकामेवा कायम असतो. चॉकलेट तसेच. फरसाण, गाठिया, तुपातला शिरा, खाखऱ्यावरचे लोणी हे विष नव्हे, पण दोन-तीन किलोच्या पिल्लाच्या पोटाला ते झेपत नाही. घरातील प्रत्येक जण ‘एकच तुकडा’ देतो आणि आठ माणसांच्या एकत्र कुटुंबात आठ तुकडे होतात. दुधाचेही तसेच. ‘दूध-पोळी खाऊन वाढेल’ ही जुनी समजूत. पण आईचे दूध सुटल्यावर दुधातील साखर पचवण्याची ताकद बऱ्याच पिल्लांत कमी होत जाते, आणि गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. पिल्लू जिथून आणले तिथे ते जे खात होते तेच पहिले काही दिवस द्यावे आणि नवे अन्न सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत न्यावे. घर बदलले त्याच दिवशी जेवणही बदलणे म्हणजे पोटावर दुहेरी बोजा.

शाकाहारावर कुत्रा वाढतो का, हे अनेकांनी विचारले आहे. मांजराला तो मानवत नाही. कुत्र्याला मानवू शकतो, मात्र हिशेबाने. माणसाच्या सहवासात कुत्र्याने पिष्ट पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढवली आहे. तरीही नुसत्या वरण-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम, पुरेशी प्रथिने, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी पडते आणि हाडे वाकडी होतात. घरचे अन्न द्यायचे तर पशुवैद्याकडून तक्ता करून घ्यावा, किंवा वेष्टनावर ‘वाढत्या पिल्लांसाठी’ असे लिहिलेले परिपूर्ण शाकाहारी खाद्य निवडावे.

आणखी एक नाजूक बाब. पोट बिघडले की लंघन, हे आपल्या रक्तात आहे, आणि माणसासाठी ते पुष्कळदा हिताचेही असते. पण छोट्या पिल्लाच्या शरीरात साखरेचा साठा फार थोडा असतो. जुलाब होत असलेल्या पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवले तर रक्तातील साखर उतरून ते थरथरते, लटपटते, कधी बेशुद्ध पडते. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान चणीच्या जातींत हा धोका अधिक. अशा वेळी हिरड्यांना मध चोळा असे पुस्तकांत लिहिलेले असते. आपल्या घरात मध नसतो. ग्लुकोजची पावडर किंवा साखरेचे दाट पाणी तेच काम करते. ते लावून तडक दवाखाना गाठावा.

चौविहार पाळणाऱ्या घरांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. संध्याकाळी सहा-साडेसहाला स्वयंपाकघर बंद होते आणि पिल्लालाही तेव्हाच शेवटचे खाणे मिळते. पुढे सकाळपर्यंत बारा-तेरा तास. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खाणे लागते. एवढी लांब रात्र त्याला जड जाते, आणि रिकाम्या पोटी सकाळी पिवळे पाणी ओकले की घरातील माणसे त्यालाही ‘ताण’ म्हणतात. एका घरातील ज्येष्ठ स्त्रीने यावर शोधलेला मार्ग मला पटला. पिल्लाचे कोरडे खाद्य त्या दिवस असतानाच मोजून वाटीत झाकून ठेवतात आणि नऊ वाजता नातू ती वाटी पिल्लापुढे ठेवतो. पच्चक्खाण ज्याने समजून घेतले त्याचे असते. पिल्लाने ते घेतलेले नाही.

सौम्य जुलाब असतील, पशुवैद्याने पाहिलेले असेल आणि पिल्लू खेळते-खाते असेल, तर घरचे पथ्य साधे आहे. मऊ गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, उकडून कुस्करलेला लाल भोपळा. मीठ, हिंग, फोडणी काही नाही. थोडे थोडे, चार-पाच वेळा. पाणी सतत समोर. हे दोन-तीन दिवस, मग हळूहळू नेहमीचे खाद्य. माणसांच्या डब्यातील गोळी मात्र कदापि देऊ नये. आपल्याला जुलाब थांबवणारी गोळी काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करते, शिवाय संसर्ग असेल तर घाण आत कोंडते. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन यांनी तर यकृत, मूत्रपिंड, जठर यांना थेट इजा होते. आणि पशुवैद्याने प्रतिजैविक लिहून दिले नाही म्हणून नाराज होऊन दुसरीकडे जाऊ नये. साध्या जुलाबात पूर्वी मेट्रोनिडाझोल सरसकट देत. त्याने आतड्यातील उपकारक जंतूही मरतात आणि साधे जुलाब त्याविनाही बरे होतात, असे दिसून आल्याने अलीकडे जाणकार पशुवैद्य हात आखडता घेतात. कमी औषध देणारा वैद्य कमी हुशार नसतो.

नोंद ठेवण्याचा उपयोग किती, याचे एक उदाहरण देतो. घाटकोपरमधील एका व्यापारी कुटुंबात चार महिन्यांचे लॅब्राडोर पिल्लू होते. लसी पूर्ण, शीची तपासणी दोनदा स्वच्छ, तरी पोट अधूनमधून बिघडे. घरातील वयोवृद्ध बा कंटाळल्या. रोज लादी पुसणारी बाई काम सोडण्याच्या बेतात होती. ‘विकणाऱ्याला परत द्या, नाही घेतले तर पांजरापोळीत सोडा’ इथवर गोष्ट आली. त्यांच्या बी.कॉम. करणाऱ्या नातीने एक जुनी रोजमेळाची वही घेतली आणि डाव्या पानावर पिल्लाने काय खाल्ले व घरात काय घडले, उजव्या पानावर शी कशी व किती वेळा, असे लिहू लागली. तीन आठवड्यांनी वहीच बोलली. बिघाड दर सोमवारी होता. रविवारी त्यांच्याकडे पंधरा-वीस नातलग जमत. पहिला संशय अर्थातच गाठियावर. पुढच्या रविवारी कोणी काही भरवायचे नाही असा दंडक घातला, तरी सोमवारी आव पडलीच. त्यानंतरच्या रविवारी पिल्लाला आतल्या खोलीत, त्याच्या चादरीवर, पंखा लावून ठेवले आणि एक जण आळीपाळीने जवळ बसला. सोमवार स्वच्छ गेला. त्यानंतरचाही. पिल्लू घरात राहिले. बांचा विरोध मावळला असे मी म्हणणार नाही. पण परत पाठवण्याची भाषा थांबली.

पांजरापोळीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमावरून ६ जून १८३२ रोजी मोठी दंगल उसळली होती. पारशी बांधव त्यात अग्रभागी होते, आणि आपला व्यापारी वर्गही त्या हत्येच्या विरोधात होता. दोनच वर्षांनी, १८३४ साली, मोतीशा शेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळची पांजरापोळ उभी राहिली. हा वारसा अभिमानाचा आहे. परंतु ती संस्था निराधार, वृद्ध, जखमी जनावरांसाठी निघाली. ज्याला घर आहे, ज्याच्या लसी अपुऱ्या आहेत आणि ज्याचे पोट जागा बदलल्यानेच बिघडले आहे, अशा पिल्लाला अनेक आजारी जनावरांच्या गर्दीत नेऊन सोडणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक स्थलांतर आणि शंभर संसर्ग लादणे होय. त्याला जीवदया म्हणता येणार नाही. विक्रेत्याला परत केलेल्या पिल्लाचेही तेच होते, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

वर्ष-दीड वर्षाच्या तरुण कुत्र्यांचे ताणही आपल्या दिनदर्शिकेला बांधलेले असतात. गणपतीच्या मिरवणुकांतील ढोल, दिवाळीचे फटाके, लग्नघर, आणि पुनर्विकासासाठी सोडावे लागणारे घर. दिवाळीच्या दिवसांत फेरी उजेडात उरकावी, जेवण लवकर द्यावे, खिडक्या लावून पंखा किंवा दूरदर्शन सुरू ठेवावे, आणि कुत्रा पलंगाखाली शिरला तर त्याला ओढून काढू नये. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर तो अधिक भित्रा होतो, ही समजूत निराधार आहे, जवळ घ्यावे. फार घाबरणाऱ्यांसाठी पशुवैद्यांकडे औषधे असतात, मात्र ती सणाच्या आधी विचारायची असतात, लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्हे.

यात्रेचा प्रश्न अधिक अवघड. पालिताणा किंवा शिखरजीला आठ-दहा दिवस सारे कुटुंब निघते आणि कुत्र्याला कोठेतरी ठेवावे लागते. रेल्वेत प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावे असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत जावे लागते, आणि तो प्रवास भित्र्या कुत्र्यासाठी क्रूर आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा ओळखीचा माणूस आपल्याच घरी येऊन राहणे उत्तम. ते जमत नसेल तर वसतिगृह निवडताना आधी एक रात्र ठेवून पाहावी. सोबत त्याचेच खाद्य मोजून द्यावे आणि न धुतलेली चादर द्यावी. तिला घराचा वास असतो, म्हणून धुवून देण्याचा आपला नीटनेटकेपणा इथे आवरावा. परत आणल्यावर दोन दिवस शी सैल राहिली तर समजण्यासारखे आहे. तिसऱ्या दिवशीही तेच असेल तर शीचा नमुना तपासायला द्यावा, कारण अनेक कुत्रे एकत्र असतात तिथून जिआर्डिया घरी येतो.

राहता राहिली वेळेची बाब. चार महिन्यांहून लहान पिल्लाला जुलाब झाले तर त्याच दिवशी दाखवावे, वार कोणताही असो. वय काहीही असले तरी जुलाबाबरोबर उलट्या, खाणे सोडणे, मलूलपणा, काळी डांबरासारखी किंवा रक्ताळलेली शी, ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हिरड्या फिकट वा कोरड्या चिकट होणे, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसणे, यांतील एकही दिसले तर रात्र काढू नये. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय गेल्या शतकाच्याही आधीपासून आहे, १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही त्याच परिसरात आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा न्यासाचे नवे पशुरुग्णालय सुरू झाले आहे. पण बोरिवली किंवा मुलुंडहून रात्री तिथवर पोहोचायला लागणारा वेळ पार्व्होच्या पिल्लाकडे नसतो. आपल्या उपनगरात रात्री कोणता पशुदवाखाना उघडा असतो आणि तिथे सलाईन लावून ठेवण्याची सोय आहे का, हे पिल्लू आणण्याच्या आधल्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहून यावे. निघताना लसीचे पुस्तक, शीचा ताजा नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत, आणि नोंदीची वही बरोबर घ्यावी.